तळ्यातला चौथा आवाज

हस्ताचा पाऊस पडायला लागला की आमच्या गिरणीच्या मागं, पाटाच्या कडेला, बेडकांचा गलका सुरू होतो. गिरणी पिठाची. मीच चालवते, वीस-बावीस वर्षं झाली. गाव कृष्णाकाठचं, चारी बाजूंनी ऊस, आणि पाण्याला कधी तोटा नाही. त्यामुळं इथल्या माणसांना बेडकाचं कौतुक असं नाहीच. डबा ठेवायला आलेली बाई कानाला पदर लावते आणि म्हणते, "काय गलका लावलाय ह्यास्नी, सुमनवैनी! इकडं तुमची गिरण, तिकडं ती." मी म्हणते, "गलका न्हाई वो तो. जरा थांबून ऐका." कोण थांबतंय! गहू बारीक की जाड एवढं सांगून ती जाते.

मी मात्र थांबते. पट्टा बंद केला, जात्याची घरघर विरली, की दोन मिनिटं तशीच पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनी मागच्या दारात उभी राहते. मी दुष्काळी माणची आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठं बढाई वाटली तर वाटू दे. आमच्याकडं बेडूक ओरडला तर माणसं जेवण सोडून उठतात.

गिरणीवालीचा कान वेगळाच होतो. घरघरीत जरा फरक पडला की मला कळतं, दगड गुळगुळीत होऊन टाकी मागतोय का जोंधळ्यात खडा गेलाय. तसाच बेडकांचाही गलका कानात सुटा सुटा व्हायला लागतो. नीट ऐकलं तर सगळे एकदम कधीच ओरडत नाहीत. एकजण आवाज देतो, थांबतो, आणि त्या थांबण्याच्या फटीत दुसरा आपला आवाज घालतो. तिसरा त्या दोघांमधली जागा हुडकतो. एखादा कुणाच्या आवाजावर आवाज टाकतो, आणि मग दोघंही चपापल्यासारखे गप होतात. शाळेच्या पुस्तकात 'डराव डराव' एवढंच लिहून मोकळे झालेत. अहो, डराव म्हणणारा एक झाला. बाकीच्यांचं काय?

लग्न होऊन इथं आले तेव्हा आषाढ होता. पहिल्याच संध्याकाळी चुलीपुढं बसले होते आणि मागून हा सगळा मेळा एकदम सुरू झाला. मी भाकरी तव्यावर टाकून दारात पळाले. "हे रोज ओरडत्यात?" असं मी विचारलं, आणि घरभर हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "आगं, तुमच्या माणात बेडकंबी न्हाईत व्हय?" भाकरी करपली होती, चेहरा तापला होता. मी म्हणाले, "हायत की, आत्ती. पर आमची बेडकं उगं तोंड वाजवत न्हाईत. कामाचं आसंल तवाच बोलत्यात."

नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं, पण बोलले खरी. ते गल्लीभर झालं. आमच्या ह्यांना तर आयतं कोलीत मिळालं. उन्हाळ्यात माहेराहून फोन आला की हे शेजारून विचारणार, "काय, बोलली का तुमची बेडकं?" वर्षानुवर्षं तेच. मी उसनं हसायचे. कारण खरं सांगायचं तर माझी मलाच खात्री नव्हती. एकोणीस वर्षं माणात काढली, त्यात बेडकांचा मेळा मी ऐकलेली वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

त्यातलं एक वर्ष पक्कं आठवतं. मी सात-आठ वर्षांची असेन. उत्तरा नक्षत्र असं काही कोसळलं की माळाखालचं आमचं जुनं तळं काठोकाठ भरलं. आमची मेंढरं होती, शंभरेक. सांजच्याला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं वाड्यात घातली आणि मला म्हणाले, "सुमा, चल. पर तितं बोलायचं न्हाई. बोललीस की गप व्हत्यात." आम्ही बांधावर जाऊन बसलो. पावलांच्या आवाजानं तळं चिडीचूप झालं होतं. खाली ओल्या दगडाचा गारवा, अंगावर आबांच्या घोंगड्याचा मेंढराचा वास. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पलीकडच्या काठाला एकानं आवाज दिला. एकच. जरा वेळानं दुसऱ्यानं. आणि मग बघता बघता सगळं तळं बोलायला लागलं.

बोलायचं नाही म्हणून आबांनी नुसती हनुवटी उचलून विचारलं, किती? म्हणजे बेडूक किती असं नव्हे, जाती किती. मी कान दिला. एक मोठ्या घशाचा, डराव म्हणणारा. एक टक् टक् टक् करणारा, कुणी लाकडावर टिचक्या मारतंय असा. एक बारीक, टीं टीं, जवळजवळ किड्यासारखा. मी तीन बोटं दाखवली. आबांनी मान हलवली आणि चार दाखवली. मी पुन्हा ऐकलं. तीनच. आबांनी तळ्याच्या वरच्या अंगाला बोट केलं, डोळे मिटले, आणि ओठांनी बिनआवाजी दाखवलं: आवंग... आवंग... मला काही केल्या ऐकू येईना. आबांचा चेहरा इतका आनंदला होता की मला त्यांचा हिरमोड करवेना. मी खोटीच चार बोटं वर केली.

घरी येताना त्यांनी सांगितलं, चौथा मातीतला. पाणी असतं तेवढे दिवस वर येतो, पाणी आटायला लागलं की मागच्या पायांनी भुई उकरत उलटा खाली जातो आणि निजतो. एक साल, दोन साल, पाऊस येईपर्यंत. "जोवर चौथा बोलतोय तोवर आपली जमीन जिती हाय," आबा म्हणाले. मी हूं म्हणाले. खोटी बोटं दाखवल्याचं मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

एवढ्या गलक्यात बेडकीण आपला जोडीदार कशी ओळखत असेल, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, सांजच्याला कोकरं सोडताना बघ. दिवसभर कोकरं वाड्यात कोंडलेली असायची आणि आया रानात. सांजेला कळप आला की आबा ताटी काढायचे, आणि मग जो गलका उठायचा! शंभर तोंडं एकदम. बाहेरच्या माणसाला वाटावं, आता ह्यांची चुकामूक होणार. पण प्रत्येक मेंढी दहा कोकरांना डोक्यानं ढकलायची आणि अकराव्याला जवळ घ्यायची. "आपल्याला गलका, तिला एकच आवाज," आबा म्हणायचे. माझ्या वडिलांनी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण ऐकावं कसं हे त्यांनी मला शिकवलं. गिरणीत एवढी वर्षं ह्याच शिकवणीवर मी भाकरी कमावली आहे, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते, ती होऊ दे.

मला लिहायचंय ते सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका हंगामाबद्दल. त्या उन्हाळ्यात माझ्या माहेरच्यांनी तळ्यातला गाळ काढायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, पारावर नुसतं बोलणं झालं. निम्मा गाव मुंबईला, उरलेले म्हणणार, सरकारचं मशीन येऊ दे. एके दिवशी सकाळी आबा एकटेच खोरं-पाटी घेऊन तळ्यात उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस. चार दिवस एकटेच. पाचव्या दिवशी एक शेजारी लाजेकाजेस्तव आला, सातव्या दिवशी दोन घरच्या बाया आल्या, आणि पंधरवड्यानं तळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला आवाज देणाऱ्याला धीर लागतो, मागचे आपसूक येतात. बेडकांचं तसं, माणसांचंही तसंच.

मी सुट्टी काढून, म्हणजे गिरण ह्यांच्या गळ्यात मारून, आठवडाभर गेले होते. तळ्याच्या वरच्या अंगाला खणताना खोऱ्याखाली एक ढेकूळ फुटलं आणि आत बेडूक निघाला. बटाट्याएवढा, मातीच्याच रंगाचा, हातपाय पोटाशी घेऊन निजलेला. पोरीबाळी किंचाळल्या. कुणीतरी म्हणालं, मेलाय, टाक बाजूला. आबा लगबगीनं आले, त्याला ओंजळीत घेतलं, पोटाला बोट लावून बघितलं. आणि म्हणाले, "हिथलं खणायचं न्हाई. हा एवढा पट्टा सोडा."

गाव चिडला. चिडणारच. उन्हातान्हात घाम गाळणारी माणसं ती. एकजण म्हणाला, "आबा, एका बेडकापायी एवढा गाळ सोडायचा? तेवढं पाणी कमी न्हाई का मावायचं?"

"मावंल की कमी. एक बेडूक वर घावलाय म्हंजे खाली किती हायत, ठावं हाय का? ते आपल्याआधीपास्नं हितं ऱ्हात्यात, गड्या. त्यास्नी घराभाईर काढून पाणी कुणासाठी साठवायचं?"

पट्टा सुटला. आबांचं वय म्हणून सुटला, पटलं म्हणून नव्हे.

आणि मग पाऊस आला नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, आषाढ गेला, श्रावण कोरडा गेला. खणलेलं तळं नुसतं आ वासून पडलेलं. लोक आबांना भर रस्त्यात म्हणायला लागले, "आबा, तुमचं बेडूक निजलं ते निजलंच." बोलण्यात हसू असायचं, पण रागही असायचा. सगळ्यांची मेहनत होती ना त्यात. आई फोनवर सांगायची, हे जेवत न्हाईत नीट. रोज सांजेला तळ्यावर जाऊन बसत्यात आणि अंधार पडायच्या आत मुकाट्यानं येत्यात. माझा जीव तुटायचा. तळं भरलं असतं न भरलं असतं, ते आभाळाच्या हातात. पण आबांनी शब्द दिला होता की ह्या मातीखाली जीव आहे. आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसाजवळ शब्दाशिवाय दुसरं काय असतं? तो खोटा पडला असता.

भादव्यात आम्ही माहेरी जायला निघालो तेव्हा आमच्या ह्यांनी एक प्रताप केला. सकाळी लवकर उठून पाटाकडेच्या डबक्यातली बेडकाची शेपटीवाली पिल्लं चाळणीनं गाळून दुधाच्या कॅनमध्ये भरली. पाचशे तरी असतील. सासूबाईंनी हसत हसत कॅनला हळदकुंकू लावलं. "आहेर हाय सुनेच्या म्हायेराला. आमच्याकडं लय झाल्यात." ह्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. अर्धी थट्टा आणि अर्धी खरी माया. मामांच्या, म्हणजे आबांच्या, तळ्यात बेडूक नाहीत ना, मग आपण देऊ. पाणी, ऊस, बेडूक, सगळं आपल्याकडून न्यावं आणि दुष्काळी भागाला द्यावं, हा कृष्णाकाठच्या माणसाचा हिशेब. विटा-मायणीच्या वाटेनं मोटारसायकलवर तो कॅन मांडीवर धरून मी गेले. खड्डा आला की आत पाणी डुचमळायचं. रागानं मी वाटभर त्याचं झाकण दाबून बसले.

आबांनी कॅनचं झाकण काढून आत बघितलं. दुसरा कुणी असता तर त्यांनी कॅन अंगणात उपडा केला असता, पण समोर जावई. एवढंच म्हणाले, "आवं पावणं, ह्यास्नी सावलीला ठेवा. उकाड्यानं मरतील." पिल्लं मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत सोडली. मेंढरं आली, वास घेतला, आणि एकीनंही पाण्याला तोंड लावलं नाही. पाहुण्यांच्या आहेरापायी मेंढरं तहानलेली! आईनं त्यांच्यासाठी घरातली पिंपं रिकामी केली.

त्याच संध्याकाळी पूर्वेकडून आभाळ भरून आलं. दोन दिवस आणि दोन रात्री उत्तरा कोसळली. ओढ्याला पाणी आल्यामुळं आमची परतीची वाट बंद झाली आणि हे अडकले. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडीप पडली. तळं भरलं होतं, गढूळ, तांबडं, काठाला फेस. सगळा गाव बघायला लोटला होता. आबा मात्र घरात बसून राहिले, आणि माणसं आपापल्या घरी परतल्यावर, दिवस मावळायला आला तेव्हा उठले. "सुमा, चल," म्हणाले. ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "पावणं, तुमीबी या. पर बोलायचं न्हाई."

आम्ही बांधावर बसलो. चाळीसेक वर्षांनी मी त्याच जागी बसले होते. तळं चिडीचूप. माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की वाटलं त्यानंच बेडूक गप बसलेत. मग डराव म्हणणाऱ्यानं सुरुवात केली. आबांनी हनुवटी उचलली. मी एक बोट दाखवलं. टक् टक् टक्. दोन. बारीक टीं टीं, काठच्या गवतातून. तीन. हे मागं बसून आमची ती मुकी हिशेबाची भाषा बघत होते.

आणि मग थांबलं. म्हणजे तिघं बोलत होते, पण पुढं काही नाही. आबा वरच्या अंगाकडं, त्या न खणलेल्या पट्ट्याकडं बघत होते. मी ठरवलं होतं, ह्या खेपेला खोटी बोटं दाखवायची नाहीत. काय वाट्टेल ते होवो.

आवंग.

मी दचकले. लांबून कुणीतरी हाक मारावी तसा. भरड, सावकाश. आवंग... आणि त्याच्या फटीत दुसरा, आवंग... आणि मग तो सगळा पट्टा, जिथं आबांनी खोरं घालू दिलं नव्हतं तो सगळा पट्टा, एकसारखा बोलायला लागला. भिजलेल्या मातीतून माती हलावी तसे एकेक वर येत होते. मी चार बोटं वर केली. आपोआप गेली ती वर. आबांनी माझ्या बोटांकडं बघितलं आणि टोपी काढून तोंड पुसलं. मला मेलीला हसू आणि रडू एकदम फुटलं.

परत येताना ह्यांनी हळूच विचारलं, "मामा, आमची पिल्लं सोडू का मग तळ्यात?"

"नगा," आबा म्हणाले. आता आवाजात राग नव्हता. "त्यास्नी त्यांच्या पाण्यात न्हेऊन सोडा. हिथलं पाणी चार म्हयन्यांत आटतंय. आमच्यास्नी मातीत जाऊन निजायचं म्हाईत हाय. तुमच्यास्नी ते कोण शिकवणार?"

ओढा उतरल्यावर आम्ही निघालो. कॅन परत माझ्या मांडीवर. घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते पिल्लं पाटाकडेला सोडायचं. सासूबाई म्हणाल्या, "आरं, आहेर परत आणला?" हे म्हणाले, "त्यांच्याकडं हाय, आई. आपल्यापेक्षा जुनं हाय." त्यानंतर ह्या घरात माझ्या माहेरच्या बेडकांवर कुणी विनोद केला नाही. नाही म्हणायला मीच कधीमधी करते.

हे सगळं आज आठवायचं कारण निराळं आहे. गेली दोन सालं तळं पुन्हा कोरडं होतं. तळाला भेगा अशा की हात जावा. आणि ह्या दोन सालांत आबांचे कान गेले. हळूहळू नव्हे, बघता बघता. कानाचं मशीन आणून दिलं, ते डबीत पडून आहे. म्हणतात, त्यात समद्यांचा एकच आवाज व्हतोय, कोण कुठला कळत न्हाई. कोकराचा आवाज मेंढीआधी ओळखणारा माणूस! ते ऐकून मी गिरणीत एकटीच रडले होते.

काल दिवेलागणीला गिरण जोरात होती, चार-पाच डबे रांगेत होते, आणि मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. आबांना एवढं येतं, माझ्या फोटोवर बोट ठेवलं की लागतो. मी गिरण बंद केली. पडद्यावर त्यांची हनुवटी, अर्धी टोपी आणि मागं तांबूस आभाळ. बांधावर उभे होते. "सुमाऽऽ!" ओरडले. "तळं भरलंय! बोलत्यात का बघ! मला कळंना! ऐकू येतंय का?"

मला नुसता वारा ऐकू येत होता. येणार कसं? स्वतःच एवढ्यानं ओरडत होते, तळं भ्यायलं होतं. आणि त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. ज्या माणसानं मला बोलायचं नाही म्हणून शिकवलं, तोच बांधावर उभा राहून ओरडत होता. "आबा, गप ऱ्हावा!" मी म्हणाले. ते ऐकूच गेलं नाही. "काय? न्हाईत व्हय?" असं विचारताना त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

ह्यांनी माझ्या खांद्यावरून मोबाइलसमोर तोंड आणलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आबा बघत राहिले. मग त्यांना कळलं. लाजल्यासारखे हसले आणि गप झाले. मोबाइल तळ्याकडं पुढं धरून तसेच उभे.

गिरणीत सगळे थांबले. एका बाईनं विचारलं, काय झालं वो? हे म्हणाले, "जरा दम खावा. आमच्या सासुरवाडीची बेडकं बोलायची हायत."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग डराव. मी पडद्यासमोर एक बोट धरलं. आबांनी मोबाइल वळवून बघितलं, पुन्हा पुढं धरला. टक् टक् टक्. दोन. गवतातला बारीक टीं टीं, मोबाइलात जेमतेम, पण होता. तीन. आबांनी वळवून बघितलं आणि मला फक्त हनुवटी दिसली, वर उचललेली.

मी डोळे मिटले. मागं आमच्या पाटाकडेचेही सुरू झाले होते. त्या सगळ्यातून मी तो एकच हुडकत होते. दोन सालं भेगाळलेल्या भुईत निजून राहिलेला. आणि आला. लांबून, भरड, सावकाश. आवंग... आवंग... त्याच्या फटीत आणखी एक.

मी चार बोटं वर केली. खरी चार.

आबांनी मोबाइल तोंडाजवळ नेला, बोटं मोजली. एकेक, ओठ हलवत. आणि मग माझा ऐंशीच्या घरातला बाप सगळ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडला, "चाऽऽर! चार हायत!"

तळं एका झटक्यात गप झालं. आबांना ते कळलं नाही. ते हसत होते, मान डोलवत होते, कान दिल्यासारखे पाण्याकडं वाकले होते, आणि मी इकडं पिठानं भरलेली चार बोटं तशीच वर धरून उभी होते.